मायामी, १९८६: एक इंच अलीकडे थांबलेली गोळी

११ एप्रिल १९८६, शुक्रवार. सकाळी साडेनऊचा सुमार. फ्लोरिडातल्या मायामीच्या दक्षिणेला, साउथ डिक्सी हायवेपासून जवळच्या एका शांत वस्तीत एफबीआयच्या गाड्यांनी एक काळी मॉन्टे कार्लो गाडी रेटत नेऊन एका घरासमोरच्या झाडाला भिडवली. आत मायकेल प्लॅट आणि विल्यम मॅटिक्स होते. दोघेही लष्करात नोकरी केलेले. ऑक्टोबर १९८५ पासून बँका आणि रोकड वाहणाऱ्या गाड्या लुटत होते, आणि त्यासाठी माणसं मारायलाही कचरत नव्हते. पुढची चार-पाच मिनिटं त्या रस्त्यावर जवळजवळ दीडशे गोळ्या झाडल्या गेल्या. आठ एजंट चकमकीत उतरले. बेंजामिन ग्रोगन आणि जेरी डव्ह ठार झाले, पाच जखमी झाले, धडधाकट राहिला तो एकटाच. दोन्ही दरोडेखोर मेले, पण फार उशिरा.

स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर बाळगणारा माणूस "कुठलं काडतूस भरू?" असं विचारतो, तेव्हा मी आधी हे प्रकरण सांगायला घेतो. आज जगभर काडतुसं ज्या कसोटीवर तोलली जातात, ती कसोटी या चकमकीतून निघाली. प्रकरण पोलिसांचं आहे, घरातल्या माणसाचं नाही, हे खरं. पण गोळी शरीरात काय करते आणि काय करत नाही, हे इतक्या बारकाईने नोंदवलेलं दुसरं प्रकरण मला माहीत नाही. प्रत्येक गोळी कुणी झाडली, कुठे लागली, किती आत गेली, याचा हिशेब शवविच्छेदनातून आणि तपासातून मांडला गेला.

ज्या गोळीवरून पुढे रान उठलं, ती रिव्हॉल्व्हरची नव्हती. डव्हकडे ९ मिमीचं पिस्तूल होतं आणि त्यात ११५ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेसात ग्रॅमची, पोकळ टोकाची सिल्व्हरटिप गोळी. त्या काळी ही गोळी उत्तम समजली जायची. हलकी, वेगवान, शरीरात शिरली की टोक फुलून छत्रीसारखी उघडणारी. झाडाला टेकलेल्या गाडीच्या खिडकीतून प्लॅट बाहेर चढत असताना ती त्याच्या उजव्या दंडात लागली. दंडाचा स्नायू फाडून, तिथली मोठी रक्तवाहिनी तोडून ती बरगड्यांमधून छातीत शिरली. उजवं फुप्फुस बसलं. आणि हृदयाच्या साधारण एक इंच अलीकडे गोळी थांबली.

शवविच्छेदनात प्लॅटच्या छातीत लिटरभराहून अधिक रक्त साचलेलं सापडलं. म्हणजे ती जखम किरकोळ मुळीच नव्हती, कदाचित तीच त्याला मारणारी होती. पण मारणं आणि थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही जखम चकमकीच्या पहिल्या मिनिटातली. त्यानंतरही प्लॅट आपल्या अर्धस्वयंचलित रायफलने गोळ्या झाडत राहिला. ग्रोगन आणि डव्ह मेले ते त्यानंतर. प्लॅटला एकूण बारा जखमा झाल्या, मॅटिक्सला सहा. दोघांच्याही रक्तात अमली पदार्थाचा अंश सापडला नाही. "नशेत होता म्हणून पडला नाही" हे सोयीचं उत्तर इथे चालत नाही. हातात बंदूक, अंगात जिद्द आणि मेंदूला अजून रक्त मिळतंय, एवढं असलं की जखमी माणूस लढू शकतो.

आता रिव्हॉल्व्हरकडे येतो.

त्या दिवशी बहुतेक एजंटांकडे .३५७ मॅग्नमची रिव्हॉल्व्हरं होती, पण त्यात मॅग्नम काडतुसं नव्हती. .३८ स्पेशलची, थोड्या जादा दाबाची काडतुसं होती: १५८ ग्रेनची, म्हणजे दहा ग्रॅमच्या वर, नुसत्या शिशाची, टोकाला पोकळी असलेली गोळी. .३५७ चं कवच, म्हणजे गोळी आणि दारू धरून ठेवणारी पितळी नळी, .३८ पेक्षा साधारण आठवा हिस्सा इंच लांब असतं, गोळीचा व्यास तोच. त्यामुळे .३८ चं काडतूस .३५७ च्या चक्रात, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या भागात, बसतं, उलटं बसत नाही. बसू नये म्हणूनच ती लांबी वाढवलेली आहे, कारण दाब जवळजवळ दुप्पट आहे.

एडमुंडो मिरेलेसच्या डाव्या हाताचं हाड चकमकीच्या सुरुवातीलाच रायफलच्या गोळीने चुरा झालं होतं. त्याने आधी शॉटगन एका हाताने चालवली. दर फैरीनंतर ती टेकवून, अडकवून उजव्या हातानेच पुन्हा भरत गेला आणि पाच फैरी झाडल्या. मग रिव्हॉल्व्हर काढलं. प्लॅट आणि मॅटिक्स तोवर ग्रोगन-डव्हच्या गाडीत बसून पळायच्या बेतात होते. मिरेलेस उठून त्या गाडीच्या दिशेने चालत गेला आणि चालताना सहा गोळ्या झाडल्या. या सहांचा हिशेब बघण्यासारखा आहे. पहिली चुकली आणि आसनाच्या पाठीत रुतली. दुसरी खिडकीच्या खांबावर फुटली, तिचा एक तुकडा प्लॅटच्या डोक्याच्या कातडीला लागला. तिसरी मॅटिक्सच्या चेहऱ्यावर लागून दुभंगली, इजा फारशी नाही. चौथी त्याच्या डोळ्याजवळून शिरली, चेहऱ्याच्या हाडांमधून खाली मानेत गेली आणि मज्जारज्जू तोडून थांबली. पाचवी जबडा भेदून मणक्याशी अडली. सहावी त्याने खिडकीतून हात आत घालून प्लॅटवर झाडली. ती छातीतून मज्जारज्जूपर्यंत पोचली. चकमक तिथे संपली.

सहांपैकी दोन गोळ्यांनी काम केलं. दोन्ही त्याच साध्या, जड, संथ .३८ च्या. दोन्ही हाडं ओलांडून, मांस कापून, जिथे पोचायला हवं तिथे पोचल्या. गोळी तीच, पण पहिल्या तीन निष्फळ आणि चौथी निर्णायक. कारण चौथी योग्य जागी लागली, आणि त्या जागेपर्यंत जायला तिच्यात पुरेसा रेटा होता. काडतुसाची निवड मी याच दोन गोष्टींवर तोलतो, बाकीचं सगळं नंतर.

एका गोष्टीवर मला थांबायचं आहे, कारण जाहिरातींमधून ती कधी दिसत नाही. या चकमकीत रिव्हॉल्व्हर पुन्हा भरायचा प्रसंग दोघांवर आला. जॉन हॅनलनचं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर रिकामं झालं आणि तो भरत असतानाच त्याच्या हाताला गोळी लागली. गॉर्डन मॅकनील या पथकप्रमुखाच्या हाताला लागलं, आणि त्याला आपलं रिव्हॉल्व्हर भरताच येईना, कारण चक्राच्या घरांमध्ये त्याचंच रक्त आणि मांस साचलं होतं. काडतूस आत जाईना. ज्याने शांतपणे, टेबलाशी उभं राहून, कोरड्या बोटांनी सहा काडतुसं चक्रात सरकवली आहेत, त्याने हे चित्र डोळ्यांसमोर आणावं. रिव्हॉल्व्हरवाल्याच्या हातात जी पाच-सहा आहेत, तीच त्याची. दुसरी खेप मिळेल असं धरून चालू नये. म्हणून त्या सहांपैकी प्रत्येक काडतूस उडणारं, आत पोचणारं आणि आपल्या हाताला झेपणारं असायला हवं.

चकमकीनंतर एफबीआयने दोष गोळीवर ठेवला. यावर वाद झाला आणि तो योग्यच झाला. रायफलसमोर रिव्हॉल्व्हर घेऊन उभं राहण्याची वेळ का आली, हा प्रश्न गोळीपेक्षा मोठा होता. डव्हच्या गोळीने जे तिच्याकडून अपेक्षित होतं तेच केलं: ती फुलली. आणि फुलली म्हणूनच लवकर थांबली. मधे दंड आला नसता तर कदाचित हृदयापर्यंत गेली असती. पण खऱ्या प्रसंगात दंड मधे येतोच. समोरचा माणूस हत्यार धरून उभा असतो तेव्हा त्याचा हात छातीसमोरच असतो. यासाठी गोळीला दोष देण्यापेक्षा निवडीचा निकष चुकला, असं मी म्हणेन.

निकष मात्र खरोखर बदलला. सप्टेंबर १९८७ मध्ये क्वांटिको इथल्या एफबीआयच्या अकादमीत जखमांचा अभ्यास करणारे डॉक्टर आणि तज्ज्ञ जमले. त्यातलं ठळक नाव डॉ. मार्टिन फॅकलर. अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेत त्यांनी जनावरांच्या स्नायूंशी तुलना करून पाण्यात १० टक्के जिलेटीन विरघळवलेल्या ठोकळ्याची पद्धत बसवली होती. थंड ठेवलेल्या त्या ठोकळ्यात गोळी किती खोल जाते, कुठे फुलते, फुटते का, हे मोजता येतं. ठरलं ते असं: गोळी किमान १२ इंच, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या थोडी वर, आत गेलीच पाहिजे, आणि १८ इंचांच्या पुढे जायची गरज नाही. नुसत्या ठोकळ्यात नाही, तर जाड कपड्यांमागच्या, पत्र्यामागच्या, जिप्समच्या भिंतीमागच्या, प्लायवूडमागच्या आणि गाडीच्या काचेमागच्या ठोकळ्यातसुद्धा.

बारा इंच म्हणजे फार वाटतात, छाती एवढी जाड नसते. पण जिलेटीन हे हाड नव्हे, आणि गोळी नेहमी समोरून सरळ येत नाही. तिरकी, दंडातून, खांद्यातून आली तर अंतर सहज दुप्पट होतं. शिवाय हातातल्या बंदुकीची गोळी रायफलच्या मानाने फार संथ असते. ती शरीरात गेल्यावर मांस क्षणभर फाकतं आणि पुन्हा मिटतं. त्या फाकण्याने काही होत नाही. गोळी ज्या ऊतींना प्रत्यक्ष चिरडत जाते, तेवढाच तिचा परिणाम. "धक्क्याने माणूस मागे उडतो" हे पडद्यावरचं. फॅकलर यांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि मायामीच्या शवविच्छेदनातून तेच दिसतं.

या निकषाने एफबीआयने आधी १० मिमी, मग १९९० मध्ये आलेलं .४० हे काडतूस धरलं, आणि २०१५ च्या सुमारास फिरून ९ मिमीवर आलं, कारण तोवर ९ मिमीच्या गोळ्या सुधारल्या होत्या. पिस्तुलांची ती गोष्ट इथे सोडतो.

रिव्हॉल्व्हरवाल्याला पडणारा पेच निराळा आहे: त्याच्या नळीची लांबी. खिशातलं रिव्हॉल्व्हर म्हणजे जेमतेम दोन इंचांची नळी. काडतुसातली दारू पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडते आणि चक्र व नळी यांमधल्या फटीतूनही वायू निसटतो. परिणामी चार इंचांच्या नळीतून जी पोकळ टोकाची .३८ गोळी नीट फुलते, ती दोन इंचांतून कधी फुलते, कधी नाही. जाड सुती कापड, जीन्स किंवा बंडी मधे आली की पोकळीत कापडाचा बोळा बसतो आणि ती साध्या गोल टोकाच्या गोळीसारखी वागते. काही ठिकाणी उलटं होतं: फुलते, पण वेग एवढा कमी की आठ-नऊ इंचांतच थांबते. डव्हच्या गोळीचंच छोटं भावंड. खास आखूड नळीसाठी बनवलेल्या १३५ ग्रेनच्या गोल्ड डॉटसारख्या गोळ्या या अडचणीवर उपाय म्हणून निघाल्या. त्या चांगल्या आहेत, पण झटका त्यांचाही जाणवतो.

आणि म्हणूनच जुन्या माणसांनी कधीच न सोडलेली एक गोळी पुन्हा चर्चेत आली: वॉडकटर. १४८ ग्रेनची, शिशाची, पुढून अगदी सपाट, जणू खडूचा तुकडा. ती कागदी लक्ष्यासाठी बनवलेली आहे. कागदाला नीट गोल भोक पडावं, पंचाला गुण मोजायला सोपं जावं, म्हणून तोंड सपाट. ती फुलत नाही, पण फुलायची तिला गरजही नाही. सपाट कड मांस बाजूला सारत नाही, कापत जाते. वेग कमी असूनही पुरेशी खोल जाते, आणि झटका इतका मऊ की संधिवाताचा हातसुद्धा पाच गोळ्या एका वहीच्या पानात बसवू शकतो. हलक्या रिव्हॉल्व्हरमधून मॅग्नम झाडणाऱ्याची दुसरी गोळी कुठे जाते, हे मी नेमबाजीच्या मैदानावर अनेकदा पाहिलं आहे. पहिली लक्ष्यात, दुसरी लाकडी चौकटीत, तिसरीच्या आधी तो डोळे मिटतो.

हलक्या रिव्हॉल्व्हरचा आणखी एक धोका सांगून ठेवतो. जोरदार काडतुसाच्या झटक्याने चक्रात वाट पाहणाऱ्या बाकी काडतुसांच्या गोळ्या कवचातून पुढे सरकू शकतात. अर्धा मिलिमीटर सरकली तरी काही नाही, पण चक्राच्या बाहेर डोकावली की चक्र फिरतच नाही. रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही असं म्हणतात. ते या एका गोष्टीत खोटं ठरतं, आणि मग ते सोडवायला हत्यारं लागतात. म्हणून निवडलेलं काडतूस निदान एक पेटीभर आपल्याच बंदुकीतून झाडून पाहिल्याशिवाय भरू नये. त्यात नेमही कळतो. नेम धरायची खूण पक्की बसवलेली, हलवता न येणारी .३८ रिव्हॉल्व्हरं बहुधा १५८ ग्रेनच्या गोळीवर जुळवलेली असतात. हलकी गोळी त्यांच्यातून खाली लागते.

हे सगळं अमेरिकेचं. आपल्याकडे हा प्रश्न अर्धा सरकारनेच सोडवून ठेवला आहे. .३८, ९ मिमी, .४५ ही प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणारी नळीची मापं. सामान्य परवान्यावर रिव्हॉल्व्हर म्हणजे जवळजवळ .३२ च. २०१४ मध्ये बाजारात आलेलं हलकं 'निर्भीक'सुद्धा .३२ चंच. काडतूसही बहुतेकांच्या हातात एकच येतं: खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं, गोल टोकाच्या शिशाच्या गोळीचं. गोळी साधारण ९८ ग्रेन, म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास. .३८ च्या मानाने लहान, संथ, आणि त्याचा परिणाम माफक. पण मायामीने एवढं समजावलं आहे की हे काडतूस वाटतं तितकं बावळट नाही. गोल टोक फुलत नाही, म्हणून खोल जातं. याच .३२ ची सपाट तोंडाची गोळी घेऊन सेंटर फायर या नेमबाजीच्या प्रकारात आपले नेमबाज आंतरराष्ट्रीय पदकं आणतात. जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुण याच प्रकारात केले. अचूकतेला हे काडतूस कमी नाही. कमी असतो तो आपला सराव.

कायद्याचं एकच सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा अधिकार आहे, आणि त्याची मर्यादाही: बचावाला लागेल त्याहून अधिक इजा नाही. गोळी कोणती भरली यापेक्षा ती का झाडली, हे न्यायालय आधी विचारतं. आणि चाळीतल्या किंवा फ्लॅटमधल्या घरात, चुकलेली प्रत्येक गोळी कुठेतरी जाऊन थांबते. भिंतीपलीकडे कुणाचं अंथरूण आहे, हे आधी माहीत असलं पाहिजे.

गेल्या दिवाळीनंतर सिंधुदुर्गातले एक काका क्लबवर आले होते. काजूची बाग, घर वस्तीपासून लांब, वडिलांच्या काळापासूनचा परवाना. मायामीची गोष्ट त्यांनी कुठेतरी ऐकली होती. म्हणाले, "माका ती मधेच थांबणारी गोळी नको, आत जाणारी व्हयी."

मी म्हटलं, "काकानू, तुमच्याकडे आहे ती आतच जाते. आधी दाखवा तरी."

त्यांनी कमरेचा चामड्याचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या घरांमध्ये सहा काडतुसं, .३२ ची. मी एक ओढलं तर ते हलेना. पितळेवर हिरवट मेणासारखा थर चढला होता, चामड्याला चिकटलेला. कातडं कमावताना वापरलेली रसायनं आणि कोकणातला पावसाळा, दोन्ही मिळून पितळेला खातात. काका दर गौरी-गणपतीला रिव्हॉल्व्हरला तेल द्यायचे, आणि जाता जाता पट्ट्यातल्या काडतुसांच्या तळावरही बोट फिरवायचे. त्या तेलाचा टोपीपाशी, म्हणजे तळातल्या ठिणगी देणाऱ्या भागापाशी, तुकतुकीत गोल दिसत होता. तेल टोपीत झिरपलं की ठिणगीच मरते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ही सहा काडतुसं किती वर्षांची, असं विचारल्यावर त्यांनी बोटांवर मोजलं आणि मुलीच्या लग्नाचं साल सांगितलं.

थर फडक्याने पुसून काढला, कवच कुठे तडकलंय का ते भिंगातून पाहिलं, आणि काकांनी त्यांच्याच रिव्हॉल्व्हरमधून दहा मीटरवर ती झाडली. पहिली उडाली. दुसरी उडाली. तिसऱ्याला नुसता टक्क आवाज. रिव्हॉल्व्हर लक्ष्याकडेच रोखून ठेवा म्हटलं, अर्धा मिनिट थांबलो, मग पुढची. चौथी उडाली, पाचवी उडाली. सहाव्याला पुन्हा टक्क.

काकांनी चक्र उघडलं. चार पुंगळ्या तळहातावर पडल्या. मधे ती दोन जिवंत काडतुसं, टोपीवर पिनेचा खळगा स्पष्ट उमटलेला.